लांब पट्टी कुठल्या अंगाला

दौंड स्टेशनात गाडी थांबली आणि डब्याला एक धक्का बसला. खिडकीतून पाहिले तर आमचे इंजिन सुटून एकटेच निघून गेले होते. मी वरच्या फळीवरून वळकटी काढीपर्यंत दुसरा धक्का बसला, तो उलट बाजूने. आता इंजिन शेपटीला लागले होते. बडनेऱ्यापासून मी इंजिनाकडे तोंड करून बसलो होतो; जागचा न हलता माझी पाठ त्याच्याकडे झाली.

समोर मांडीवर पिशवी घेतलेले एक म्हातारबाबा होते. त्यांना विचारले, "गाडी परत मनमाडला निघाली की काय?"

"परत कशापायी? पुण्याला चाललीय."

"मग उलटी का?"

"उलटी न्हाई वो. हिची सुलटी तिकडंच हाय. तुम्हीच उलटं बसलाय."

त्या वेळी मी हसलो आणि उतरलो. पुढच्या पाच दिवसांत ते वाक्य मला चार वेळा आठवले.

मी अमरावतीला जमीन मोजणीच्या कचेरीत मोजणीदार आहे. माझी थोरली बहीण, अक्का, शिरूर तालुक्यात न्हावऱ्याला दिलेली आहे. तिच्या यजमानांना सारा गाव आबा म्हणतो. घरी ऊस, कांदा, बारा म्हशी आणि एक अमेरिकन मोटार. ही मोटार आबांनी मुंबईच्या एका शेटजींच्या वारसांकडून आठ वर्षांपूर्वी आणली. महिन्यापूर्वी न्हावऱ्याच्या ओढ्याच्या उतारावर तिचा ब्रेक लागला नाही. गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली आणि मागच्या सीटवर बसलेल्या आबांच्या खांद्याचे हाड सरकले. गाडी चालवत होता यशवंत, त्यांचा सात वर्षांपासूनचा ड्रायव्हर. आबांनी त्याला त्याच दिवशी घरी बसवले.

अक्काने पत्रात लिहिले होते, "येत्या सोमवारी यशवंतला साखर कारखान्यात ट्रकवर घेणार आहेत. पण ह्यांची चिठ्ठी लागते, आणि हे म्हणतात, ज्यानं मला कठड्यावर घातलं त्याला चिठ्ठी देणार नाही. चूक माणसाची की गाडीची ते तू येऊन ठरव. तू हिशेबाचा माणूस. तुझा शब्द हे मानतात."

शब्द मानतात हे खरे होते. सासर-माहेरच्या गावांतून मला अशी पत्रे येतात. विहीर किती हात खणावी, पत्र्याला उतार किती द्यावा, असे विचारतात आणि मी कार्डावर आकडे लिहून पाठवतो. या मोटारीच्या ब्रेकबद्दलसुद्धा मागच्या वर्षी मीच कार्ड लिहिले होते. प्रत्येक चाकात दोन ब्रेक शू असतात, एक पुढच्या बाजूला आणि एक मागच्या. त्यांवर घासण्यासाठी लायनरची पट्टी बसवतात. या गाडीत एक पट्टी लांब आणि एक आखूड निघाली; कोणती कुठे लावावी, असे आबांनी विचारले होते. मी विचार करून उत्तर दिले होते. म्हणजे या कामात मी अगदीच नवखा नव्हतो, असे मला वाटत होते.

दौंडहून एस.टी.ने भीमा ओलांडून न्हावऱ्याला पोचायला दुपार झाली. अक्काने बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि माडगे (कुळथाच्या पिठाची पातळ पेज) वाढले. आबा झोळीत हात अडकवून ओसरीवर बसले होते.

"या पाव्हणं. मोजपट्टी आणलीय न्हवं?"

"आणली आहे."

"मग मोजा एकदाचं. येशा तवा प्यायला व्हता का झोपला व्हता, येवढंच मला सांगा."

"यशवंत पितो का?" मी विचारले.

"न्हाई पीत," अक्का आतून म्हणाली.

"न्हाई पीत, न्हाई झोपत. मग गाडी काय आपसुक पळाली व्हय?" आबा म्हणाले. "मी मागनं वरडतोय, येशा, दाब, दाब! आन् हा म्हणतोय, दाबलाय. दाबलाय तर थांबंना का?"

मी वहीत 'दाबला होता (चालक). थांबली नाही (मालक).' एवढे लिहिले.

दुसऱ्या दिवशी बुधवारी शिरूरला गेलो. बरोबर यशवंत होता. चाळिशीचा, उंच, इस्त्रीचा सदरा घातलेला, बोलायला बेताचा माणूस. गावाच्या बौद्धवाड्यात त्याचे घर. वाटेत मी त्याला तीन प्रश्न विचारले. तिन्हींना त्याने "व्हय साहेब" असे उत्तर दिले, आणि त्यातले दोन प्रश्न एकमेकांच्या विरुद्ध होते.

गाडी ट्रॅक्टरने ओढून जगताप मिस्त्रींच्या आवारात आणून ठेवली होती. मी प्रथम तिची मापे घेतली. लांबी सतरा फूट नऊ इंच, रुंदी सहा फूट आठ इंच. नागपुरात मी भावाचा सबंध संसार याहून कमी जागेत पाहिला आहे. मागे दोन पंख होते. ते कशासाठी, असे विचारले तर मिस्त्री म्हणाले, "शोभेला. उडत न्हाई, थांबत न्हाई, नुस्ती बघायची."

मिस्त्री पन्नाशीचे, जाड चष्म्याचे. त्यांनी पुढचे डावे चाक काढून ड्रम खेचला. ड्रम म्हणजे अकरा इंचांचे लोखंडी भांडे. ते चाकाबरोबर फिरते आणि आतले शू त्याला आतून घासतात. मी सांगितल्याप्रमाणे लांब पट्टी पुढच्या अंगाला होती. लांबी पावणेबारा इंच. ती दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडीची, जवळजवळ कोरी होती. मागच्या अंगाची आखूड पट्टी सव्वानऊ इंच. तिची जाडी मोजताच येईना, कारण पट्टी उरलीच नव्हती. रिबिटांची पितळी डोकी चमकत होती आणि त्यांनी ड्रमला चरे पाडले होते. चारही चाकांत हीच तऱ्हा.

मी गोंधळलो. गाडी थांबताना भार पुढे येतो. तेव्हा पुढची पट्टी झिजायला हवी आणि मागची राहायला हवी. झाले होते नेमके उलटे.

"हे असं कसं?" मी विचारले.

"ड्रायव्हरचा पाय," मिस्त्री म्हणाले. "ब्रेकवर पाय ठिवून चालवायची सवय. पट्टी संपली, शू लांब सरकला, आतलं वायसर सिलिंडरमधनं बाहेर आलं, तेल सांडलं. आन् चारी चाकांचं तेल एकाच भांड्यातनं येतंय. एकीकडं गेलं म्हंजी सगळीकडं गेलं."

"पण मग दोन्ही पट्ट्या सारख्या झिजायला हव्यात."

मिस्त्रींनी चष्मा वर केला. "साहेब, ही अमेरिकेची गाडी. तिथं सगळं आपल्या उलटं. स्टेरिंगसुदिक उलट्या अंगाला."

हे उत्तर नव्हते, पण दुसरे कोणतेही नव्हते. मी वहीत 'चालकाचा दोष संभवतो' असे लिहिले. यशवंत माझ्या खांद्यामागे उभा होता. त्याने ते वाचले असावे, कारण थोड्या वेळाने तो म्हणाला, "साहेब, माझा मेव्हणा दौंडला रेल्वेत ब्रेकचा फिटर हाय. ह्या दोन पट्ट्या त्याला दाखवू. मग काय ल्ह्यायचं ते ल्ह्या."

"ल्हेणाऱ्याला काय, पेन्शिल हातात हाय," मिस्त्री म्हणाले आणि फळीवरच्या एका लोखंडी डब्यातून उदबत्ती काढून देवापुढे लावू लागले. त्या डब्याला दोन कप्पे होते. एकात उदबत्त्या, दुसऱ्यात पेन्सिली. कशाचा डबा, असे मी विचारले.

"मुंबईच्या भंगारात आला. ह्याच जातीच्या नव्या गाडीचा मास्टर सिलिंडर, ब्रेकच्या तेलाचं भांडं, हाय म्हणत्यात. त्याला दोन तोंडं, आमच्या गाडीची नळी एक. दुसऱ्या तोंडाला काय जोडू, माझं डोस्कं?"

गुरुवारी सकाळी दोन शू पिशवीत घालून एस.टी.ने दौंडला निघालो. शूंना ब्रेकचे तेल लागलेले होते. ते पिशवीतून झिरपले आणि शेजारच्या बाईंच्या गाठोड्याला लागले.

"आवं, काय घेतलंय पिशवीत? मासं?"

"ब्रेक आहेत," मी म्हणालो.

"ह्या गाडीचं?" बाई एकदम उठून उभ्या राहिल्या. पुढे त्या केडगावच्या फाट्यापर्यंत उभ्यानेच आल्या. यशवंतला मी पहिल्यांदा हसताना पाहिले.

गायकवाड फिटर रेल्वेच्या चाळीत राहतात. दारात दोघांनी एकमेकांना जयभीम केला, मला नमस्कार केला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कपाटात रेल्वेची पुस्तके ओळीने लावलेली. चहा झाल्यावर त्यांनी दोन्ही शू वर्तमानपत्रावर ठेवून बराच वेळ नुसते पाहिले. मग आत हाक मारली, "अगं, ते मोठं पातेलं दे जरा."

"त्यात डाळ शिजवायचीय," बाईंनी आतून सांगितले.

"धुवून देतो."

"मागल्या बारीला बी असंच म्हणला व्हता!"

पातेले आले. गायकवाडांनी ते आडवे धरले, दोन्ही शू आत जसे गाडीत होते तसे उभे बसवले, खाली दोहोंच्या मध्ये एक लाकडाचा तुकडा ठेवला आणि वर एक खिळा माझ्या हातात धरायला दिला. "हा खिळा हलवायचा न्हाई. यशवंता, आता पातेलं फिरव. गाडी पुढं चाललीय असं धर."

पातेले फिरले. पुढचा शू पातेल्याबरोबर खाली ओढला गेला. त्याने लाकडाच्या तुकड्याला रेटले, तुकड्याने मागच्या शूला रेटले, आणि मागचा शू पातेल्याला असा घट्ट बसला की खिळा माझ्या बोटात रुतला. पातेले थांबले.

"कळलं?" गायकवाड म्हणाले. "पुढचा नुस्ता ढकलतोय. थांबवायचं काम मागचा करतोय. म्हणून लांब पट्टी मागं, आखूड पुढं. बनवणाऱ्यानं तशीच दिली असणार. इथं कुणीतरी उलटी घातलीय. लहानग्या पट्टीवर थोरलीचं काम पडलं. वरीसभर टिकली हीच नवलाई."

"पण गाडी थांबताना भार पुढे येतो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"येतो की. पुढच्या चाकांवर येतो. चाकाच्या आत पुढं-मागं त्याचा काय संबंध?"

मी परत पातेले फिरवायला सांगितले. मग तिसऱ्यांदा मीच फिरवले. तिन्ही वेळा तेच झाले.

"आमच्या आगगाडीत नळी तुटली की गाडी आपोआप थांबती," गायकवाड सांगत होते. "तुमच्यात नळी तुटली की थांबायचं नावच न्हाई. असली एकाच भांड्याची गाडी म्हंजी जीव एका नळीवर. पण ही उलटी घातली कुणी? मिस्त्रीनं?"

मी यशवंतकडे पाहिले. यशवंत पातेले पुसत होता.

"झालं कसंतरी," तो म्हणाला.

मी त्या घरात काहीच बोललो नाही. ते लिहायला मला आज बरे वाटत नाही, पण झाले ते असे. दौंडच्या एस.टी. स्टँडवर उसाचा रस घेताना मी त्याला विचारले, "यशवंतराव, माझं कार्ड कुठं आहे?"

"गाडीच्या कप्प्यात. पयल्या दिसापासून."

"मिस्त्री काय म्हणत होते तेव्हा?"

"मिस्त्री म्हणलं, कशीबी घाला. मी म्हणलं, निघाल्या तशा घालू, लांब मागं. आबा म्हणलं, तुला काय कळतंय, अमरावतीला दिनकररावांना ईचार. तुमचं कार्ड आलं. घातल्या."

"मग आदळल्यावर ते कार्ड आबांना का दाखवलं नाहीस?"

त्याने ग्लास खाली ठेवला. "दाखवून काय, साहेब? आबा म्हणलं असतं, स्वतःचं निस्तरंना, आता पाव्हण्यावर ढकलतोय. तुमचा शब्द तुम्हीच खोडायचा. मी खोडला तर तो खोडला जातोय व्हय?"

"म्हणून मला इथं आणलंस?"

"व्हय साहेब," तो म्हणाला. या वेळी त्या उत्तराबद्दल मला शंका राहिली नाही.

मोटार शिरूरला होती, म्हणून आम्ही आधी शिरूरला गेलो, कप्प्यातून कार्ड घेतले आणि दिवेलागणीच्या आधी न्हावऱ्याला पोचलो. ओसरीवर आबांबरोबर गावचे दोघे-तिघे बसले होते. मी उभ्यानेच सांगितले, "आबा, चूक यशवंतची नाही, गाडीची नाही. चूक माझी आहे."

आबा हसले. "पाव्हणं, मन मोठं हाय तुमचं. पण त्याला पाठीशी घालू नगा."

मी कार्ड त्यांच्या हातात दिले. अक्षर माझेच होते. आबांनी मोठ्याने वाचले, "'गाडी थांबताना सर्व भार पुढे येतो. सबब लांब पट्टी पुढील बाजूस व आखूड मागील बाजूस बसवावी. शंका नसावी.'"

मी पट्ट्यांची मापे सांगितली, पातेल्याचे सांगितले. आबांनी कार्ड गुडघ्यावर ठेवले. मग आबा म्हणाले, "म्हंजी चारशे मैलांवरनं तुम्ही माझा खांदा मोडला."

"हो."

"आन् मी महिनाभर शिव्या दिल्या येशाला."

"हो."

आमच्या कचेरीत चुकलेली नोंद खरवडून काढीत नाहीत. तिच्यावर तांबड्या शाईने एक रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, शेजारी खरी नोंद लिहायची आणि सही करायची. अक्काकडून तांबडी शाई मागवली. ओसरीवरच बसून मी कार्डावर रेघ मारली, 'चुकीचे. लांब पट्टी मागील बाजूस' असे लिहिले आणि सही केली.

आबांनी वाकून पाहिले. "आन् ते 'शंका नसावी'? ते तसंच ऱ्हायलं की."

त्यावर वेगळी रेघ मारून वेगळी सही केली.

"कागूद झाला," आबा म्हणाले. "आता गाडी. ज्या उतारावर थांबली न्हाई त्या उतारावर थांबू द्या, मी मागंच बसतो. थांबली तर चिठ्ठी."

"आन् न्हाई थांबली तर?" अक्काने विचारले.

"तर पाव्हण्यांना पुढं बसवू."

शनिवारी गायकवाडांना सुट्टी होती. ते शिरूरला आले आणि आल्याआल्या त्यांची नजर फळीवरच्या उदबत्त्यांवर गेली. "मिस्त्री, हा डबा न्हवं. हेच तर पायजे. एक कप्पा पुढच्या चाकांना, एक मागच्यांना. एक फुटला तरी दुसरा धरतोय." जगताप मिस्त्री डबा खाली घेत म्हणाले, "मग माझ्या पेन्शिली कुठं ठिवू?" पण काम त्यांनी जीव लावून केले. सिलिंडर घासला, नवे वायसर घातले, दुसरी नळी ओढली, ड्रम कातून आणले, पट्ट्या नव्या मारल्या. लांब मागे, आखूड पुढे. प्रत्येक चाकाशी मी जाऊन मोजपट्टी लावून पाहिली.

नळ्यांतली हवा काढताना ब्रेक दाबायला माणूस लागतो. तो मी. "दाबा. धरा. सोडा." एकशे बारा वेळा दाबला. शेवटी पाय खाली जाईना, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "आता बसला. उठा साहेब, पाय ऱ्हाऊ द्या हवं तर."

रविवारी सकाळी न्हावऱ्याचा उतार. गाव जमले होते. आबा मागच्या सीटवर त्याच जागी बसले, मी यशवंतशेजारी. मागच्या वेळचा वेग किती होता, असे मी विचारले. "तीस मैल," यशवंत म्हणाला. उतार सुरू झाला. पंचवीस, तीस. मोरीचा फुटलेला कठडा समोरून मोठा होऊ लागला. मला पातेले आठवत होते आणि त्याच वेळी, खरे सांगायचे तर, भार पुढे येतो हे अजूनही पटत होते. दोन्ही गोष्टी डोक्यात एकदम मावत नव्हत्या.

"येशा," मागून आबा हळू म्हणाले, "दाब."

"दाबला, आबा."

गाडीने नाक खाली घातले आणि उभी राहिली. माझे डोके काचेला लागले. मी उतरून मोजले. कठड्यापर्यंत सदतीस फूट उरले होते.

आबा कुणाच्या आधाराशिवाय उतरले. खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढून त्यांनी यशवंतच्या हातात दिली. ती आधीच लिहिलेली होती. "जा उद्या. आन् सुट्टीला येत जा. दुसऱ्याच्या हातात न्हाई द्यायची मी ही गाडी." थोडे थांबून म्हणाले, "यशवंता."

इतक्या दिवसांत ते नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. यशवंत "व्हय आबा" म्हणाला आणि चिठ्ठी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली.

त्याच गाडीने त्याने मला दौंडला सोडले. कार्ड मी परत मागितले. तो म्हणाला, "कप्प्यातच ऱ्हाऊ द्या. पुढं कुणी पट्ट्या बदलंल, त्याला दोन्ही कळंल." तांबडी रेघ वर राहील अशा बेताने त्याने ते आत ठेवले.

पुण्याहून गाडी आली. इंजिन सुटले, दुसऱ्या टोकाला लागले. एक बाई घाबरून म्हणाल्या, "परत पुण्याला चालली का?" मी म्हणालो, "नाही, हिची सुलटी इकडेच आहे." आणि तरीही गाडी हलल्यावर पुढच्या स्टेशनाची पाटी वाचून खात्री करून घेतली.

त्या पट्ट्यांचा विचार मी अजून करतो. माझे वाक्य खोटे नव्हते. भार पुढेच येतो. फक्त ज्या चाकाबद्दल मी ते लिहिले ते चाक मी पाहिले नव्हते. ज्याने पाहिले होते त्याला कुणी विचारले नाही, आणि विचारू नये अशी व्यवस्था माझ्या कार्डाने केली होती. हे मला नीट कळले आहे असे वाटते. पूर्ण कळले आहे का, ते सांगता येत नाही.

घरी पोचलो तेव्हा साडूंचे पत्र येऊन पडले होते. नव्या घराच्या जिन्याला पायऱ्या किती ठेवू, चढ किती द्यावा, असे त्यांनी विचारले होते. सोबत कसलेही माप नव्हते. मी कार्ड घेतले आणि लिहिले, "प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. तूर्त गवंड्याला विचारावे. शंका असावी."